आजीची वही कोण वाचणार?

ठाणे शहरातील वर्तकनगर भागात गेल्या पावसाळ्यात आम्ही काही कुटुंबांच्या घरभेटीसाठी गेलो होतो. म्हाडा वसाहतीतील एका जुन्या इमारतीत सामानाची बांधाबांध चालली होती. इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची होती व कुटुंबाला दोन खोल्यांचा संसार भाड्याच्या घरात हलवायचा होता. काय न्यावे आणि काय टाकावे, याचा घरात खल सुरू होता. तेवढ्यात घरातील अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींनी पुठ्ठ्याची, कडा झिजलेली एक वही आमच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "फादर, ही ठेवू का टाकू, तुमीच सांगा. माज्यामागं ही वाचनार कोन?"

वहीत लग्नाची गाणी होती. या आजी ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या. आपल्या आईच्या तोंडून ऐकलेली गाणी त्यांनी तरुणपणी शाईने उतरवून ठेवली होती. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या मुलीचे ते टपोरे, सरळ अक्षर होते. त्यांचा सहावीत शिकणारा नातू शेजारीच उभा होता. आम्ही वही त्याच्यापुढे धरली. त्याने एकेक अक्षर लावत 'उंबराचं पाणी' एवढे शब्द वाचले आणि विचारले, "आजी, उंबर म्हणजे काय? आणि त्याचं पाणी कसं असतं?"

मुलगा हुशार आहे. त्याला देवनागरी अक्षरे येतात, कारण शाळेत मराठी हा विषय आहे. तरीही आपल्याच आजीची वही त्याला वाचता आली नाही. त्या दिवशी आजींना आम्ही "वही ठेवा" एवढेच सांगितले. मात्र त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देणे आमच्याकडून राहून गेले होते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न होय.

एका शहरात अनेक मराठी

वर्तकनगरच्या पाठीशी उपवन तलाव आहे आणि तलावाच्या पलीकडे येऊरचा डोंगर. या डोंगरावरील पाड्यांत वारली बांधव राहतात व त्यांची बोली वेगळी आहे. तेथून शहर ओलांडून खाडीच्या दिशेने गेलो की चेंदणी कोळीवाडा लागतो. कोळी आणि आगरी समाजाच्या बोलीला तिचा स्वतःचा ठसका आहे. ठाणे आणि साष्टी परिसरातील जुन्या गावांतून ईस्ट इंडियन समाजाची मराठी बोलली जाते. १९६० च्या दशकात वागळे इस्टेटचा कारखानदारी पट्टा उभा राहिला, तेव्हा घाटावरून आणि तळकोकणातून कामगार कुटुंबे ठाण्यात आली. त्यांनी आपापल्या गावची मराठी सोबत आणली. शाळा, कचेरी आणि वर्तमानपत्रातून आपण जी वाचतो ती प्रमाण मराठी या सर्वांहून आणखी निराळी.

'ईस्ट इंडियन' या नावामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. हा समाज पूर्वेकडून आलेला नसून उत्तर कोकणचाच मूळ रहिवासी आहे. गोवा आणि मंगळूर येथून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या समाजाने हे इंग्रजी नाव स्वीकारले. नाव इंग्रजी झाले तरी घरातली भाषा मराठीच राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणावयाचा विधी आजही 'उंबराचं पाणी' म्हणून ओळखला जातो. नातवाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. त्या शब्दांमागे एक विधी आहे, विहिरीवर जमलेले आप्तजन आहेत आणि त्यांच्या तोंडची गाणी आहेत.

लग्नगीतांची ही परंपरा केवळ एका समाजाची नव्हे. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील आगरी समाजात धवलारीण लग्नाचे 'धवले' गाते. वारली समाजात तर धवलेरी ही विवाह लावणारी स्त्रीच असते. तिच्या गाण्यावाचून लग्न पुरे होत नाही. धर्म, जात आणि वस्ती वेगळी असूनही या स्त्रियांच्या कंठात एकच प्रवाह वाहत आला आहे. या प्रवाहाचे मूळ किती जुने आहे, हे पाहिले म्हणजे आजींच्या वहीचे मोल ध्यानात येते.

पहिली कवयित्री आणि म्हाताऱ्या स्त्रियांचा हक्क

मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो ती महदंबा तेराव्या शतकातील. ती महानुभाव पंथाची. विदर्भातील ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला असता तिने जी गीते रचली, त्यांचे नाव 'धवळे' असे आहे. विषय रुक्मिणीच्या स्वयंवराचा. रूप मात्र घरोघरी गायल्या जाणाऱ्या लग्नगीताचे. म्हणजे मराठीतील पहिल्या ज्ञात कवयित्रीने कोणा पंडिताचे छंद उसने घेतले नाहीत. स्त्रियांच्या तोंडी असलेला गीतप्रकारच तिने ग्रंथात आणला. ठाण्याच्या आगरी वस्तीतील धवलारीण जेव्हा 'धवला' गाते, तेव्हा सातशे वर्षांपूर्वीच्या त्या शब्दाशी ती आपले नाते सांगत असते. तिला स्वतःला हे ठाऊक असो वा नसो.

याच पंथात म्हाइंभटाने १२७८ च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. बोलल्या जाणाऱ्या मराठीचा तो अमोल ठेवा आहे. पंथाचे आचार्य नागदेव यांची एक कथा प्रसिद्ध आहे. एका संस्कृतज्ञ शिष्याने संस्कृतातून लिहू नये, असे त्यांनी बजावले. कारण असे की, त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानाला वंचित होतील. मराठी ग्रंथांच्या आरंभकाळीच एका आचार्यांनी भाषेची कसोटी ठरवून दिली, ती अशी : जे लिहिले ते आपल्या म्हातारीला कळते काय?

आज आमच्या मनात ही कसोटी उलट बाजूने उभी राहते. म्हातारीने जे लिहिले ते नातवाला कळते काय?

कुलूप लागलेले ग्रंथ

ज्या महानुभावांनी म्हाताऱ्या स्त्रियांसाठी मराठी निवडली, त्यांचेच ग्रंथ पुढे शतकानुशतके मराठी समाजाला अज्ञात राहिले. परकीयांच्या हाती पडू नयेत म्हणून पंथाने आपले ग्रंथ 'सकळ' आदी सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. ग्रंथ सुरक्षित राहिले, भाषाही मराठीच होती. पण पंथाबाहेरच्या माणसाला त्यातले अक्षर लागेना. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ही लिपी उलगडली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरणच नव्याने लिहावे लागले.

या कामात ठाण्याचाही वाटा आहे. विनायक लक्ष्मण भावे हे ठाण्याचे. बाविशीच्या उंबरठ्यावर असताना सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. मराठी पुस्तके एकत्र जमवून ती सर्वांना वाचावयास मिळावीत, एवढाच त्यामागचा साधा हेतू होता. याच भावे यांनी पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला आणि त्याच्या १९१९ च्या आवृत्तीत महानुभावांच्या साहित्याला स्थान दिले. कुलूपबंद पेटी उघडण्याचे काम आणि ग्रंथालयाचे दार उघडे ठेवण्याचे काम, ही दोन्ही कामे ठाण्याच्या एकाच गृहस्थाने केली, याचा आपणा ठाणेकरांना रास्त अभिमान वाटावा.

ख्रिस्ती वाङ्मयाची कथाही याहून फार निराळी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी येथील भाषा आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते गोव्यातील राचोल येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली जुनी पुराणे आठवत होती. ओवीच्या गोडीची त्यांना सवय होती. त्यांच्या कानाला रुचेल अशा छंदात व मराठी भाषेत त्यांना बायबलमधील कथा सांगणे हा या ग्रंथाचा हेतू होता. तथापि देवनागरीचे खिळे हाताशी नसल्यामुळे ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. परिणामी जो ग्रंथ मराठी ओवीच्या परंपरेत सहज मानाने बसावा, तो देवनागरी वाचणाऱ्या मराठी रसिकांच्या दृष्टीआड राहिला. प्रा. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा कोठे सामान्य मराठी वाचकाला तो हाती घेता आला. मधे तीनशे चाळीस वर्षे गेली होती.

मोडी लिपीचे उदाहरण तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातले आहे. मराठी राज्याचा अवघा कारभार मोडीत चाले. छपाईच्या युगात बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी सर्वत्र रूढ झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून मागे पडली. आज दप्तरखान्यांतील लक्षावधी कागद मराठीतच आहेत, परंतु ते वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. कित्येक घरांत जमिनीचा जुना कागद आहे, त्यावर पणजोबांची सही आहे, पण त्यात काय लिहिले आहे ते घरातील कोणालाही सांगता येत नाही.

या तिन्ही उदाहरणांत भाषा मेली नव्हती. ती बोलणारे लोक होते आणि लिहिलेले ग्रंथही होते. तुटला होता तो लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामधला दुवा. साहित्य नष्ट व्हायला ते जाळावेच लागते असे नाही. पुढच्या पिढीच्या हाती किल्ली दिली नाही, एवढेही पुरेसे होते.

प्रमाण भाषा : लाभ आणि मोल

दुवा तुटण्याचे आणखी एक कारण आहे व ते लिपीचे नसून प्रतिष्ठेचे आहे. एकोणिसाव्या शतकात आधुनिक मराठी घडली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. शाळांसाठी क्रमिक पुस्तके तयार झाली. त्यांतून एक प्रमाण मराठी रूढ होत गेली आणि तिच्यावर पुण्याकडील शिष्ट वर्गाच्या भाषेची छाप पडली. या घडामोडीचा लाभ मोठा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. चंद्रपूरच्या मुलाने लिहिलेले सावंतवाडीच्या मुलीला कळते, न्यायालयाचा निकाल आणि विज्ञानाचे पुस्तक एकाच भाषेत लिहिता येते, ते प्रमाण भाषेमुळे.

परंतु या लाभाचे मोल सर्वांनी सारखे दिले नाही. ज्याच्या घरची बोली प्रमाण भाषेजवळची, त्याला ते फुकटच मिळाले. ज्याची बोली दूरची, त्याला शाळेच्या पहिल्याच दिवशी आपली आई 'अशुद्ध' बोलते असे शिकावे लागले. शुद्धलेखनाचे नियम सुलभ करण्यासाठी मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली जे नियम केले, त्यांत पात्राच्या तोंडची भाषा बोलण्याप्रमाणे लिहिण्यास मुभा ठेवली आहे. नियमांनी खिडकी उघडी ठेवली होती. ती पुष्कळदा आपल्या वर्गांतून आणि घरांतून बंद झाली.

महात्मा जोतीराव फुले यांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. १८८५ साली पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांना आले. न्यायमूर्ती रानडे यांना पत्र लिहून त्यांनी ते नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हालअपेष्टांना आणि मानवी हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेशी आमच्या सभांचा मेळ कसा बसावा, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाने प्रसिद्ध केले, ही गोष्टही नमूद करण्यासारखी आहे. ग्रंथकारांची ती सभा म्हणजे आजच्या साहित्य संमेलनाची पूर्वज होय. साहित्य कोणाचे, हा प्रश्न संमेलनाच्या जन्मापासूनच त्याच्या दारात उभा आहे.

पुढील शतकात या दारातून जे आत आले, त्यांनीच मराठी श्रीमंत केली. लक्ष्मीबाई टिळक यांना शाळा ठाऊक नव्हती. लग्नानंतर पतीच्या प्रयत्नाने त्या वाचावयास शिकल्या. त्यांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि बोलल्यासारखे लिहिलेले ते आत्मचरित्र मराठी गद्याचा मानदंड ठरले. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळखच नव्हती. शेतात आणि जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या मुलाने व आप्तांनी कागदावर उतरवल्या. त्या वहीचे महत्त्व आचार्य अत्रे यांनी ओळखले आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, त्यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १९५८ साली मुंबईत दलित साहित्यिकांचे पहिले संमेलन भरले व त्यात अण्णा भाऊ साठे यांनी श्रमिकांच्या साहित्याची बाजू मांडली. १९७८ साली आलेल्या दया पवार यांच्या 'बलुतं' या आत्मकथनाने मराठी वाचकाला त्याच्याच गावातले अनोळखी जग दाखवले.

बहिणाबाईंची वहीदेखील एका घरातच होती, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. घरातल्या मुलाला आईची भाषा कळत होती आणि तिची लाज वाटत नव्हती, म्हणून ती वही वाचली. त्या मुलाने "हे अशुद्ध आहे" म्हणून वही बाजूला सारली असती तर मराठी कविता केवढ्या ठेव्याला मुकली असती!

आपल्या उपासनेचा अनुभव

भाषा कळणे आणि न कळणे यातील अंतर काय असते, याचा अनुभव आपल्या ख्रिस्तसभेने स्वतः घेतला आहे. वर्तकनगरच्या त्या आजी लहान असताना मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. त्यांनी आम्हाला त्यातली उत्तरे आजही घडाघडा म्हणून दाखवली. "अर्थ कोनाला म्हाईत? पन चुकायचं नाय," असे म्हणून त्या हसल्या. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषांतून उपासना करण्याची वाट मोकळी झाली. आजी तेव्हा ऐन तारुण्यात होत्या. मराठीतून पहिल्यांदा मिस्सा ऐकली तेव्हा वेदीवरचा माणूस आपल्याशीच बोलतो आहे असे वाटले, ही आठवण त्यांनी सांगितली.

परंतु शब्द मराठी झाले म्हणजे अर्थ आपोआप उमगतो असेही नव्हे. जुन्या भाषांतरांतील जड शब्द सामान्य वाचकाला अडवतात. हे जाणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे खपून 'सुबोध बायबल' सिद्ध केले आणि भाषांतरासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना २०१३ साली मिळाला. वसईतील नंदाखाल गावी जन्मलेले, 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले हे धर्मगुरू जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला. फादरांची भूमिका साधी होती. धर्म कोणताही असो, मराठी ही आपली माउली आहे. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पिढीने कुलूप उघडण्याचे आपले काम केले. आता किल्ली आपल्या हाती आहे.

आजचे कुलूप

आज वर्तकनगरच्या नातवापुढे जे कुलूप आहे, ते कोणी मुद्दाम लावलेले नाही. मुलाने इंग्रजी माध्यमात शिकावे, त्याला चांगली नोकरी मिळावी, असे आईवडिलांना वाटते. गिरणी-कारखान्यांची पाळी करून थकलेल्या आजोबांनाही तेच वाटत होते. या इच्छेला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. शिवाय इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालविण्यात आपल्या ख्रिस्ती संस्थाच अग्रेसर राहिल्या आहेत, याची जाणीव ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत.

भाषेच्या मानसन्मानाचीही आज उणीव नाही. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली व देशात ती तिसऱ्या क्रमांकावर आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. महदंबेच्या ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत साहित्य संमेलने थाटात पार पडली. ठाण्याच्या त्या संमेलनाचे अध्यक्ष उत्तम कांबळे यांनी बालपणी वर्तमानपत्रे विकून शिक्षण घेतले होते. फुल्यांचे पत्र वाचलेल्या कोणालाही त्याचे समाधान वाटेल.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकविण्याच्या निर्णयावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले आणि २९ जून रोजी शासनाने त्याविषयीचे दोन्ही आदेश मागे घेतले. त्या दिवसांत आमच्या परिसरातही चर्चेला ऊत आला होता. ज्या घरांतून सर्वांत मोठा आवाज येत होता, त्यांपैकी कित्येक घरांत मुलांशी बोलण्याची भाषा इंग्रजी आणि हिंदीची सरमिसळ होती. रस्त्यावर भाषेचा अभिमान आणि घरात भाषेची गैरहजेरी, असे हे चित्र आहे. दर्जा शासन देऊ शकते, विषय शाळा शिकवू शकते. परंतु 'उंबराचं पाणी' म्हणजे काय, हे सांगणारा शिक्षक कोणत्याही शाळेत नाही. तो घरातच आहे आणि त्याचे वय अठ्ठ्याहत्तर आहे.

म्हणून वाचण्याच्या क्रियेत तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पहिली लिपी, ती शाळेत येते. दुसरी शब्दांचा अर्थ, तो बोलण्यातून येतो. तिसरी त्या शब्दांमागचे जगणे, ते सोबत राहून येते. नातवाजवळ पहिली किल्ली आहे. उरलेल्या दोन आजीजवळ आहेत. आजी गेल्यावर त्या कोठेही विकत मिळणार नाहीत.

काय करता येईल?

वाचकांपुढे आम्ही काही साध्या गोष्टी ठेवू इच्छितो. त्यांना पैसा लागत नाही व कोणाच्या परवानगीचीही गरज नाही.

पहिली गोष्ट, घरातील वृद्धांचे बोलणे आणि गाणे ध्वनिमुद्रित करावे. आज प्रत्येक घरात भ्रमणध्वनी आहे. त्यावर वाढदिवसाची शेकडो छायाचित्रे असतात. आजीच्या आवाजातील एखादे गाणे असण्यास हरकत काय? गाणे कोणत्या प्रसंगी, कोणी, कोणासाठी म्हणावयाचे, हेही तिलाच विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट, ते लिहून काढताना बोली सुधारू नये. आजी 'पानी' म्हणत असेल तर 'पानी' असेच लिहावे. 'कोन' या शब्दाचे 'कोण' करण्याचा मोह टाळावा. तो लेखनदोष नसून त्या बोलीचा उच्चार आहे. शेजारी प्रमाण मराठीत अर्थ द्यावा, म्हणजे बोली राखली जाईल आणि परक्यालाही ती कळेल. भाषातज्ज्ञ गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने लहान बोलींनाही भाषेच्या मानाने पाहावयास आपणास शिकविले आहे. ते काम विद्वानांनी केले. आपापल्या घरचा भाग आपणच करावयाचा आहे.

तिसरी गोष्ट, लिहिणारा हात शक्यतो नातवंडाचा असावा. आजीने सांगावे आणि नातवाने लिहावे. एका शब्दावर तो अडेल, विचारील. उत्तर देताना आजी विहिरीची, मांडवाची, आपल्या लग्नाची गोष्ट सांगेल. म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' असेच जमवले होते. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन, विचारून आणि पडताळून.

चौथी गोष्ट धर्मग्रामांनी आणि वसाहतींतील मंडळांनी करावी. वर्षातून एकदा वेगवेगळ्या बोलींतील गाण्यांचा व कथांचा मेळावा भरवावा. त्यात येऊरची वारली भगिनी, चेंदणीची कोळी भगिनी, ईस्ट इंडियन आजी आणि घाटावरून आलेली सातारची आजी एकत्र बसाव्यात. एकमेकींची गाणी ऐकताना आपण एकाच मांडवाखालच्या आहोत हे त्यांना जितके चटकन उमगेल, तितके शंभर भाषणांतून उमगणार नाही.

वहीचे उत्तर

गणपतीनंतर आम्ही पुन्हा त्या कुटुंबाला भेटावयास गेलो. ते आता वर्तकनगरपासून जवळच भाड्याच्या घरात राहतात. नवी इमारत कधी उभी राहील ते त्यांना माहीत नाही. सामानातील बरेच काही भंगारात गेले. वही मात्र आली आहे. नातवाने शाळेच्या एका कोऱ्या वहीत त्यातले पहिले गाणे उतरवून घेतले होते. अक्षर वेडेवाकडे आणि काना-मात्रेच्या चुका पुष्कळ. समासात मात्र त्याने पेन्सिलने बारीक अक्षरांत लिहिले होते : 'उंबर म्हणजे झाड. पाणी विहिरीचं. नवऱ्यासाठी. आजीच्या लग्नात पण आणलं होतं.'

आजींनी तो कागद आमच्यापुढे धरून विचारले, "बरोबर लिवलंय ना, फादर?"

एवढ्या वर्षांच्या आमच्या अध्ययनाचा त्या ठिकाणी काही उपयोग नव्हता. आम्ही म्हणालो, "आजी, ते तुम्हीच सांगायचं. याची परीक्षा तुमच्याशिवाय दुसरं कोणी घेऊ शकत नाही."

प्रिय वाचकहो, आपल्या घरातही एखादी वही, एखादे पत्र, एखादा जुना प्रार्थनासंग्रह किंवा केवळ एखादा आवाज असेल. घर बदलताना, माळा आवरताना तो हाती लागेल. तो टाकण्यापूर्वी घरातल्या सर्वांत लहान वाचत्या मुलाला हाक मारा आणि सर्वांत वडील माणसाच्या शेजारी त्याला बसवा.